कमी लेखलेली बचावफळी ड्राफ्टमध्ये कशी हेरावी: फँटसी फुटबॉल खेळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे अमेरिकेतील एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेवर आधारित फँटसी फुटबॉल, म्हणजे ड्राफ्टमध्ये पाळीपाळीने खरे खेळाडू निवडून त्यांच्या मैदानावरील कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ, खेळणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहेत. ते न्यू जर्सीत कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर लीग चालवत असतील किंवा पुण्यातून रात्री जागून सामने पाहत असतील. खेळाचे मूलभूत नियम वाचकांना ठाऊक आहेत असे गृहीत धरले आहे. रनिंग बॅक आणि रिसीव्हर यांच्या निवडीवर पुष्कळ लिहिले जाते. बचावफळीची निवड मात्र शेवटच्या दोन मिनिटांत उरकली जाते, आणि म्हणूनच थोडा अभ्यास करणाऱ्याला तिथे फायदा मिळतो.

‘बचावफळी’ निवडायची म्हणजे नेमके काय निवडायचे?

क्वार्टरबॅक, रनिंग बॅक आणि रिसीव्हर हे एकेक खेळाडू म्हणून निवडले जातात, पण बचावफळी संपूर्ण संघाची एकत्र घेतली जाते. आपण डेन्व्हर ब्राँकोजची बचावफळी घेतली, तर त्या संघाचे बचावपटू आणि किक परतवणारे विशेष पथक यांनी मिळून जे काही केले त्याचे गुण आपल्या खात्यात जमा होतात. एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत. बारा जणांच्या लीगमध्ये प्रत्येकाने एकच बचावफळी घेतली, तर तब्बल २० बचावफळ्या कोणाच्याही हाती न लागता मोकळ्या राहतात. रनिंग बॅकच्या बाबतीत असे कधीच होत नाही, कारण तिथे मोकळ्या यादीत फक्त राखीव खेळाडू उरतात. बचावफळीच्या किमतीचा विचार करताना हा २० चा आकडा सतत डोळ्यांसमोर असला पाहिजे.

बचावफळीला गुण कसे मिळतात?

प्रचलित पद्धतीत प्रत्येक सॅकला (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे) १ गुण मिळतो. इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच पकडणे), प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटलेला चेंडू ताब्यात घेणे आणि सेफ्टी (प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच एंड झोनमध्ये चेंडूसह पाडणे) यांना प्रत्येकी २ गुण असतात, तर बचावफळीने किंवा विशेष पथकाने केलेल्या टचडाउनला ६. याखेरीज प्रतिस्पर्धी संघाने धावफलकावर किती गुण केले यावरही हिशेब होतो. प्रतिस्पर्ध्याला शून्यावर रोखल्यास १०, १ ते ६ गुण दिल्यास ७, ७ ते १३ दिल्यास ४ आणि १४ ते २० दिल्यास १ गुण मिळतो. २१ ते २७ गुण दिल्यास काहीच मिळत नाही, २८ ते ३४ दिल्यास १ गुण वजा होतो आणि ३५ किंवा त्याहून अधिक दिल्यास ४ गुण वजा होतात.

या तक्त्यात एक गोष्ट दडलेली आहे. प्रतिस्पर्ध्याला १७ गुणांवर रोखणे हे प्रत्यक्ष मैदानावर चांगले काम आहे, पण त्याबद्दल फँटसीत केवळ १ गुण मिळतो. त्याच सामन्यात चार सॅक आणि एक इंटरसेप्शन मिळाले तर त्यांचे ६ गुण होतात. म्हणजे ‘कमी गुण देणारा संघ’ आणि ‘फँटसीत गुण कमावणारा संघ’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संथ, शिस्तबद्ध खेळणारी आणि मोठे फटके न देणारी बचावफळी वर्तमानपत्रात कौतुकास पात्र ठरते, पण क्वार्टरबॅकवर धावून जाणारी, प्रसंगी २४ गुण देऊन बसणारी बचावफळी आपल्या उपयोगाची असू शकते.

आपल्या लीगचे नियम मात्र ड्राफ्टपूर्वी स्वतः वाचावेत. काही लीगमध्ये दिलेल्या यार्डांचाही हिशेब असतो. काही ठिकाणी आपल्याच क्वार्टरबॅकने टाकलेला चेंडू पकडून प्रतिस्पर्ध्याने केलेला टचडाउन बचावफळीच्या नावावर लावत नाहीत, तर काही ठिकाणी लावतात.

बचावफळी कोणत्या फेरीत घ्यावी?

शेवटच्या दोन फेऱ्यांपैकी एकीत. उरलेल्या फेरीत किकर घ्यावा.

याला अपवाद शोधण्याचा मोह दरवर्षी होतो, विशेषतः कोणीतरी दहाव्या फेरीत एखादी नामांकित बचावफळी उचलली की इतरांचाही धीर सुटतो आणि पुढच्या आठ-दहा निवडींत चार-पाच बचावफळ्या जातात. त्या वेळी शांत राहून राखीव रनिंग बॅक किंवा नवोदित रिसीव्हर घ्यावा. त्यांच्यापैकी एखादा दुखापतीमुळे किंवा संधी मिळाल्यामुळे संपूर्ण हंगामाचा आधार बनू शकतो, तर बाराव्या क्रमांकाची बचावफळी नीट प्रतिस्पर्धी पाहून खेळवली, तर पहिल्या क्रमांकाच्या बचावफळीच्या फार मागे राहत नाही. लिलाव पद्धतीच्या ड्राफ्टमध्ये हाच नियम एका डॉलरचा होतो. दोन डॉलरपर्यंत जाणे समजण्यासारखे आहे, त्यापुढे जाऊ नये.

मग ‘कमी लेखलेली’ याचा अर्थ काय?

ड्राफ्टमध्ये प्रत्येक बचावफळी सरासरी कितव्या क्रमांकावर घेतली जाते याची यादी उपलब्ध असते आणि खेळाडू तिला एडीपी म्हणतात. ज्या बचावफळीकडून पहिल्या चार-पाच आठवड्यांत अपेक्षित असलेले गुण या यादीतील स्थानाच्या मानाने बरेच जास्त आहेत, ती कमी लेखलेली. ‘पहिल्या चार-पाच आठवड्यांत’ हे शब्द जाणूनबुजून वापरले आहेत. ऑगस्टमध्ये बसून डिसेंबरमधील बचावफळी ओळखण्याचा दावा करणे व्यर्थ आहे. सप्टेंबर मात्र बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो. वेळापत्रक मे महिन्यातच जाहीर झालेले असते, प्रतिस्पर्ध्यांचे क्वार्टरबॅक कोण हे ठाऊक असते आणि खेळाडू अजून दुखापतग्रस्त झालेले नसतात.

गेल्या वर्षी पहिली आलेली बचावफळी यंदा का घेऊ नये?

कारण तिची किंमत ठरते गेल्या वर्षीच्या टचडाउन आणि इंटरसेप्शनवरून, आणि नेमक्या याच दोन गोष्टी पुढच्या वर्षी तशाच घडत नाहीत.

जॅक्सनव्हिल जॅग्वार्सचे उदाहरण पाहावे. २०१६ मध्ये १६ पैकी केवळ ३ सामने जिंकलेल्या या संघाने २०१७ मध्ये ५५ सॅक केले, ३३ वेळा चेंडू हिसकावला आणि फँटसीत सर्व बचावफळ्यांना मागे टाकले. त्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी ह्यूस्टनच्या क्वार्टरबॅकांना दहा वेळा पाडले होते. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये साहजिकच ही बचावफळी सर्वांत आधी जाणाऱ्यांत होती आणि अनेकांनी तिच्यासाठी मधल्या फेऱ्यांतील निवडी खर्च केल्या. जालेन रॅम्झी आणि कॅलेस कॅम्पबेल तेव्हाही संघात होते. संघाने मात्र ५ जिंकले, ११ हरले, आणि फँटसीतील ते वैभव परत आले नाही.

त्याच २०१८ मध्ये शिकागो बेअर्सने ३६ वेळा चेंडू हिसकावून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. त्यातली २७ इंटरसेप्शन होती. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये आता शिकागोची पाळी होती. दरम्यान बचावफळीचे प्रशिक्षक व्हिक फँजिओ डेन्व्हरचे मुख्य प्रशिक्षक होऊन निघून गेले होते. २०१९ मध्ये शिकागोने हिसकावलेल्या चेंडूंची संख्या १९ वर आली. खलील मॅक तोच होता आणि बहुतेक सहकारीही तेच होते. बचावफळी वाईट झाली नव्हती. बोटांना लागून उडालेले चेंडू मागच्या वर्षी ज्या बाजूला पडत होते, त्या बाजूला आता पडत नव्हते.

हातून निसटलेला चेंडू जमिनीवर पडल्यावर कोणाच्या हाती लागेल यात कौशल्याचा भाग फार थोडा असतो, आणि त्या चेंडूचा टचडाउन होईल की नाही यात तर त्याहूनही थोडा. ज्या संघाने गेल्या वर्षी बचावातून सहा-सात टचडाउन केले असतील, त्याच्या एकूण गुणांतून ते टचडाउन वजा करून पाहावेत. अनेकदा तिसऱ्या क्रमांकाची बचावफळी दहाव्या क्रमांकावर घसरते, आणि खरी किंमत तीच असते.

असे कोणीच सलग दोन वर्षे टिकत नाही का?

टिकतात, आणि ते अपवाद उपयुक्त आहेत. डॅलस काउबॉइजने २०२१ मध्ये ३४ आणि २०२२ मध्ये ३३ वेळा चेंडू हिसकावला आणि दोन्ही वर्षी लीगमध्ये पहिला क्रमांक राखला. १९७० च्या दशकातील पिट्सबर्ग स्टीलर्सनंतर सलग दोन वर्षे असे कोणालाही जमले नव्हते. २०२१ मध्ये ट्रेव्हॉन डिग्जने एकट्याने ११ इंटरसेप्शन केले होते. तो आकडा पुन्हा येणार नव्हता, आणि आला नाही. परंतु मायका पार्सन्सने पहिल्या वर्षी १३ आणि दुसऱ्या वर्षी १३.५ सॅक केले. क्वार्टरबॅकवरचा दबाव कायम राहिला, म्हणून चेंडू सुटत राहिले. डिग्जच्या आकड्यासाठी किंमत मोजणारा फसला असता. पार्सन्सच्या दबावासाठी मोजणारा फसला नाही.

मग गेल्या वर्षीच्या कोणत्या आकड्यांवर विश्वास ठेवावा?

प्रथम क्वार्टरबॅकवरच्या दबावाचे प्रमाण पाहावे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पास टाकण्याच्या किती प्रयत्नांत क्वार्टरबॅकला घाईने चेंडू सोडावा लागला, धक्का बसला किंवा तो पाडला गेला. त्यानंतर सॅक पाहावेत. इंटरसेप्शन त्यांच्या खाली आणि टचडाउन सर्वांत शेवटी. दबाव भरपूर पण सॅक तुलनेने कमी, अशी बचावफळी दिसली तर ती खूण करून ठेवावी, कारण पुढच्या वर्षी तिचे सॅक वाढण्याची शक्यता असते आणि यादीत मात्र ती खालीच असते. तसेच पास अडवण्याचे प्रमाण मोठे असूनही इंटरसेप्शन मोजकेच मिळालेले संघ पाहावेत. चेंडूला हात लागत होता पण तो पकडला जात नव्हता, असे त्यांचे वर्ष गेलेले असते.

या नियमाचे टोकाचे उदाहरण सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे आहे. २०१८ च्या संपूर्ण हंगामात या संघाला केवळ २ इंटरसेप्शन मिळाली आणि एकूण ७ वेळाच चेंडू हिसकावता आला. एनएफएलच्या इतिहासात दोन्ही आकडे तोपर्यंतचे सर्वांत कमी होते. इतके दुर्दैव सलग दोन वर्षे टिकणे जवळजवळ अशक्य होते. त्यात संघाने डी फोर्डला आणले आणि एनएफएलच्या स्वतःच्या ड्राफ्टमधील दुसऱ्या क्रमांकाची निवड निक बोसावर खर्च केली. २०१९ च्या पहिल्या सामन्यात समोर टँपा बेचा जेमिस विन्स्टन होता, ज्याने त्या हंगामात ३० इंटरसेप्शन टाकली. त्या एका सामन्यात फोर्टीनाइनर्सला तीन इंटरसेप्शन मिळाली आणि त्यांपैकी दोहोंचे टचडाउन झाले. म्हणजे आदल्या पूर्ण वर्षात जेवढी मिळाली नव्हती तेवढी एका दुपारी मिळाली. हंगामाअखेर हा संघ सुपर बोलमध्ये होता. गेल्या वर्षीचे दुर्दैव, नवे धावून जाणारे खेळाडू आणि चुका करणारा पहिला प्रतिस्पर्धी या तीन खुणा एकत्र दिसल्या, तर यादीतील क्रमांकाकडे पाहूच नये.

नवा प्रशिक्षक आल्याने खरेच फरक पडतो का?

पडतो, आणि बाजारभावात तो उशिरा उतरतो. २०२० मध्ये डॅलसने ४७३ गुण दिले होते. त्या संघाच्या इतिहासातील ती तोपर्यंतची सर्वांत वाईट कामगिरी होती. डॅन क्विन बचावाचे प्रशिक्षक म्हणून आले, एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर पार्सन्स मिळाला, आणि पुढे काय झाले ते वर आलेच आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मात्र बहुतेकांच्या मनात ४७३ चा आकडा होता. डॅलसचा पहिला सामना टॉम ब्रेडीच्या टँपा बेशी असल्यामुळे ड्राफ्टमध्ये त्यांना न घेणेही योग्यच होते. अशा संघाला नजरेत ठेवावे आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मोकळ्या यादीतून उचलावे.

मिनेसोटा व्हायकिंग्जची गोष्ट थोडी निराळी आहे. ब्रायन फ्लोरेस २०२३ पासूनच तिथे होते आणि क्वार्टरबॅकवर सर्वाधिक वेळा ज्यादा खेळाडू पाठवणारी त्यांची पद्धत सर्वांना माहीत होती, पण ती पद्धत पेलणारे खेळाडू २०२४ मध्ये आले: अँड्र्यू व्हॅन गिंकल, जोनाथन ग्रीनार्ड आणि ब्लेक कॅशमन. व्हॅन गिंकल फ्लोरेसच्या हाताखाली मायामीत खेळलेला होता. पहिल्या आठवड्यात न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध त्याने इंटरसेप्शनवर टचडाउन केला, संघ २८–६ असा जिंकला आणि हंगामाअखेर २४ इंटरसेप्शनसह ही बचावफळी लीगमध्ये पुढे होती. क्वार्टरबॅकच्या बातम्यांनी ऑगस्ट भरलेला असताना बचावफळीतील अशा तीन मध्यम किमतीच्या करारांची चर्चा फारशी होत नाही. मार्च महिन्यातील करारांची यादी ड्राफ्टच्या आदल्या दिवशी एकदा पुन्हा वाचावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

एखादा संघ वाईट ठरणार असे सगळे म्हणत असतील, तर त्याची बचावफळी घ्यावी का?

ब्राँकोजचे २०२४ चे वर्ष या प्रश्नाचे चांगले उत्तर आहे. २०२३ च्या तिसऱ्या आठवड्यात याच संघाने मायामीविरुद्ध ७० गुण दिले होते. ती ७० ची आठवण इतकी ठळक होती की त्यानंतर त्याच हंगामात याच बचावफळीने कॅन्सस सिटीला ९ गुणांवर रोखले आणि पाच वेळा चेंडू काढून घेतला, हे लोक विसरून गेले. शिवाय २०२४ मध्ये क्वार्टरबॅक नवोदित बो निक्स होता. त्यामुळे अनेक लीगमध्ये ही बचावफळी ड्राफ्टमध्ये कोणी घेतलीही नाही. तिने ६३ सॅक करून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, पॅट सर्टन हा वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरला, आणि फँटसीतही ती अग्रस्थानी पोहोचली.

तरीही एक सावधगिरी हवी. संघाचा हल्ला अगदीच दुबळा असेल तर प्रतिस्पर्धी आघाडी घेतो, मग चेंडू धावून पुढे नेत वेळ काढतो, आणि पास कमी टाकले की सॅक आणि इंटरसेप्शन यांच्या संधीही कमी होतात. बचाव चांगला आणि हल्ला किमान सामना बरोबरीत ठेवू शकेल एवढा, ही जोडी पुरेशी आहे.

पहिल्या आठवड्यांचे वेळापत्रक कसे वाचावे?

प्रतिस्पर्धी संघाचे नाव वाचू नये, त्याचा क्वार्टरबॅक आणि त्याच्यासमोरची रक्षकफळी वाचावी. २०२३ मध्ये न्यू यॉर्क जायंट्सचे क्वार्टरबॅक १७ सामन्यांत ८५ वेळा पाडले गेले. म्हणजे जायंट्ससमोर उभ्या राहिलेल्या सरासरी बचावफळीला फक्त सॅकचेच दर सामन्यात ५ गुण मिळत होते. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या सॅम हॉवेलने ६५ सॅक खाल्ले आणि २१ इंटरसेप्शन टाकली. अशा दोन संघांशी आळीपाळीने खेळणारी कोणतीही मध्यम बचावफळी उत्तम दिसू लागते.

त्या हंगामाच्या पहिल्या आठवड्यात डॅलसने जायंट्सना ४०–० असे हरवले. शून्यावर रोखल्याचे १०, सात सॅकचे ७ आणि दोन टचडाउनचे १२ एवढे धरले तरी २९ गुण होतात, आणि इंटरसेप्शन त्यात अजून मोजलेली नाहीत. दुसऱ्या आठवड्यात झॅक विल्सनच्या जेट्सविरुद्ध तीन इंटरसेप्शन मिळाली. तिसऱ्या आठवड्यात मात्र सगळ्यांनी सोपा ठरवलेल्या ॲरिझोनाने डॅलसला २८–१६ असे हरवले. वेळापत्रकावरून शक्यता वाढते, खात्री मिळत नाही. म्हणून एकाच सोप्या सामन्यावर डाव न लावता पहिल्या चारांपैकी तीन सामने चांगले असलेली बचावफळी शोधावी.

नवोदित क्वार्टरबॅककडे विशेष लक्ष द्यावे, परंतु त्यांच्यातही भेद करावा. २०२४ मध्ये शिकागोच्या केलेब विल्यम्सने केवळ ६ इंटरसेप्शन टाकली, पण तो ६८ वेळा पाडला गेला, कारण तो चेंडू फार वेळ हातात ठेवत असे. त्या वर्षी अवघे चार सामने जिंकलेल्या न्यू इंग्लंडनेही त्याला एका सामन्यात नऊ वेळा पाडून १९–३ असा विजय मिळवला. त्या आठवड्यात न्यू इंग्लंडची बचावफळी कोणाच्याही संघात नसण्याचीच शक्यता अधिक होती.

सट्टाबाजाराच्या आकड्यांचा उपयोग करावा का?

पैसे लावण्यासाठी नव्हे, तर माहिती म्हणून जरूर करावा. सामन्यात दोन्ही संघ मिळून किती गुण करतील आणि कोणता संघ किती गुणांनी जिंकेल, असे दोन अंदाज पहिल्या आठवड्यासाठी बरेच आधी जाहीर होतात. एकूण अंदाज ४१ असेल आणि आपली बचावफळी ७ गुणांनी जिंकेल असे मानले जात असेल, तर ४१ मधून ७ वजा करून निम्मे करावे. उरलेले १७ म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून अपेक्षित असलेले गुण. हा आकडा १८ च्या खाली असणे उत्तम, आणि २३ च्या वर गेला तर ती बचावफळी कितीही नावाजलेली असली तरी त्या आठवड्यापुरती बाजूला ठेवावी. शिवाय घरच्या मैदानावरचा सामना आणि आपल्या संघाची अपेक्षित आघाडी यांनाही महत्त्व द्यावे, कारण पिछाडीवर पडलेला संघ पास जास्त टाकतो.

किक परतवणारा उत्तम खेळाडू असलेली बचावफळी घ्यावी का?

त्यासाठी म्हणून घेऊ नये. २००६ आणि २००७ मधल्या शिकागोच्या डेव्हिन हेस्टरसारखा खेळाडू क्वचितच निर्माण होतो. दोन बचावफळ्या अगदी समसमान वाटत असतील, तर हा निकष निवड करण्यास पुरेसा आहे.

बाय आठवडा (संघाचा सामना नसलेला आठवडा) पाहावा का?

नाही. बाय येईपर्यंत आपण ती बचावफळी ठेवलेली असेलच असे नाही.

दोन बचावफळ्या ठेवणे शहाणपणाचे आहे का?

सप्टेंबरमध्ये नाही. राखीव बाकावरची प्रत्येक जागा त्या काळात एखाद्या संभाव्य रनिंग बॅकसाठी हवी असते. हंगामाच्या शेवटी मात्र उत्तर बदलते. बहुतेक लीगचे बाद सामने १५ ते १७ या आठवड्यांत होतात. बाराव्या-तेराव्या आठवड्यापर्यंत बायचा त्रास जवळजवळ संपलेला असतो आणि बाकावर जागा मोकळी होते. तेव्हा त्या तीन आठवड्यांचे प्रतिस्पर्धी पाहून दुसरी बचावफळी आधीच ताब्यात घ्यावी, कारण पंधराव्या आठवड्यात तिच्यासाठी सगळेच धावतात.

ड्राफ्ट लवकर असावा की उशिरा?

आपल्या हाती असेल तर हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत. खलील मॅक ओकलंडहून शिकागोला गेला तो १ सप्टेंबर २०१८ रोजी, आणि मायका पार्सन्स डॅलसहून ग्रीन बेला गेला तो २८ ऑगस्ट २०२५ रोजी. दोन्ही वेळा हंगाम आठवड्याभरावर आला होता आणि असंख्य लीगचे ड्राफ्ट उरकले होते. लीगचा ड्राफ्ट लवकर असेल तर तो झाल्यावरही मोकळी यादी रोज पाहत राहावे. क्वार्टरबॅकवर धावून जाणारा एक अव्वल खेळाडू संपूर्ण बचावफळीची किंमत बदलतो, आणि तो बदल सर्वांत आधी टिपणाऱ्याला तो फुकट मिळतो.

संकेतस्थळाने दिलेला क्रम किती मनावर घ्यावा?

त्याचा उपयोग इतर जण काय करतील हे ओळखण्यापुरताच आहे. शेवटच्या फेरीत बहुतेक खेळाडू पडद्यावर वर दिसणारे नाव दाबून मोकळे होतात. म्हणून आपल्याला हवी असलेली बचावफळी त्या क्रमात पंधराव्या-सोळाव्या स्थानावर असेल, तर तिच्यासाठी घाई करू नये. ती अगदी शेवटच्या निवडीपर्यंत उरण्याची शक्यता मोठी असते. ती आधी गेलीच, तर तयार ठेवलेल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या नावाकडे वळावे.

भारतातून खेळताना कोणत्या वेळा सांभाळाव्यात?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी दुपारी १ वाजता सुरू होणारे सामने भारतात रात्री साडेदहाला सुरू होतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे मागे गेल्यावर रात्री साडेअकराला. न खेळणाऱ्या खेळाडूंची यादी सामन्याच्या ९० मिनिटे आधी जाहीर होते, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री ९ वाजता. प्रतिस्पर्ध्याचा मुख्य क्वार्टरबॅक खेळणार नसल्याचे त्या वेळी कळले आणि एखादी बचावफळी मोकळी असली, तर पुढचा दीड तास आपला असतो. नोव्हेंबरपूर्वी गुरुवार रात्रीचा सामना भारतात शुक्रवारी पहाटे पावणेसहाला सुरू होतो, त्यामुळे त्यात खेळणारी बचावफळी झोपण्यापूर्वीच संघात लावावी.

ड्राफ्टमध्ये घेतलेली बचावफळी कधी सोडावी?

ज्या आठवड्यात तिच्यापेक्षा चांगला सामना असलेली दुसरी बचावफळी मोकळ्या यादीत असेल, त्या आठवड्यात. दर आठवड्याला असे बदलत राहण्याला खेळाडू स्ट्रीमिंग म्हणतात, आणि उरलेल्या २० बचावफळ्यांमुळेच ते शक्य होते. मात्र गुण पाहून सोडू नये, दबाव पाहून सोडावे. पहिल्या दोन सामन्यांत आपली बचावफळी क्वार्टरबॅकपर्यंत वारंवार पोहोचत असेल आणि तरी गुण ४-५ च आले असतील, तर ती ठेवावी. याउलट एका टचडाउनच्या आधारे १४ गुण आले असतील, पण सॅक एकच असेल आणि पुढे भरपूर गुण करणाऱ्या संघाशी सामना असेल, तर मंगळवारी रात्रीच बदलाची मागणी नोंदवून ठेवावी. बहुतेक संकेतस्थळांवर या मागण्यांचा निकाल अमेरिकेत बुधवारी पहाटे लागतो, आणि भारतात तेव्हा बुधवारची दुपार असते.